प्रयोगशाळेचा उंबरठा

नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी रचलेल्या आदिपुराणात एक प्रसंग येतो. भगवान ऋषभदेव आपल्या ब्राह्मी आणि सुंदरी या दोन कन्यांना जवळ बसवून घेतात. एकीला अक्षरे शिकवतात, दुसरीला अंक. पुत्रांना शास्त्रे आणि कला शिकवण्याचा भाग त्यानंतरचा आहे. लिपी आणि गणित या दोन मूळ विद्यांचा आरंभ पित्याने कन्येपासून करावा, ही कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती. असे असताना, याच देशातील विज्ञानसंस्थांच्या दारात विसाव्या शतकातील सुशिक्षित मुलींना तिष्ठत उभे राहावे लागले, हा इतिहास विचार करायला लावणारा आहे. त्या दारात उभ्या राहिलेल्या तिघींच्या जीवनाचा संक्षिप्त परामर्श प्रस्तुत लेखात घेण्याचा मानस आहे. एक कोकणी वळणाच्या मराठी घरातील, दुसरी मद्रासच्या तेलुगू घरातील, तिसरी त्रावणकोरमधील ख्रिस्ती घरातील. तिघींचे प्रांत, भाषा व परिस्थिती भिन्न होती. परंतु त्यांच्या वाटेतील अडथळे मात्र विलक्षण सारखे होते.

पार्श्वभूमी

१८४८ साली पुण्यात महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली, तेथून महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा प्रवाह वाहू लागला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी त्यांचे देहावसान झाले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना केली.

या प्रयत्नांचे मोल शब्दातीत आहे. तथापि एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. स्त्रीने शिकावे हे ज्यांनी मान्य केले, त्यांपैकी बहुतेकांनी ते एखाद्या उपयोगाच्या आधारे मान्य केले होते. शिकलेली आई मुलांवर उत्तम संस्कार करील. शिकलेली गृहिणी घराचे आरोग्य राखील. पुरुष वैद्याकडे जाण्यास संकोचणाऱ्या भगिनींवर स्त्री डॉक्टर उपचार करील. शिक्षिका आणि डॉक्टर या दोन वाटा म्हणूनच तुलनेने लवकर खुल्या झाल्या. परंतु एखाद्या मुलीने दुधातील प्रथिनांचे पृथक्करण करावे, वीजवाहिन्यांचे आराखडे आखावेत किंवा हिऱ्याचा वर्णपट तपासावा, याला घराच्या किंवा सेवेच्या भाषेत सहज समर्थन मिळत नव्हते. केवळ जिज्ञासा आणि बुद्धी एवढ्याच बळावर मुलीला प्रयोगशाळेत जागा द्यायची, हा प्रश्न भारतीय संस्थांपुढे खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९३० नंतर.

कमला भागवत : एका वर्षाची परीक्षा

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. मराठी वाचकांना परिचित असलेल्या विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले होते. कमला १९३३ मध्ये रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, तीही प्रथम क्रमांकाने. वडील व काका जेथे शिकले तेथेच आपण संशोधन करावे, यापेक्षा स्वाभाविक इच्छा कोणती असणार? तिने बंगळूरला अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली नोबेल पारितोषिकाने गौरवलेले, भारतीय विज्ञानाची मान जगात उंचावणारे थोर पुरुष. स्त्रियांमध्ये संशोधनाची पात्रता नाही, अशी त्यांची धारणा होती. वडील व काका यांनी केलेल्या विनंतीचाही उपयोग झाला नाही. तो काळ महात्मा गांधींच्या सत्याग्रहाचा होता. बावीस वर्षांची ही मुलगी स्वतः बंगळूरला गेली, नकाराचे कारण विचारू लागली आणि प्रवेश मिळेपर्यंत संचालकांच्या दालनाबाहेर सत्याग्रह करण्याचा तिने निर्धार केला.

अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्ष ती नियमित विद्यार्थिनी गणली जाणार नाही; तिच्या कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्याला मान्यता मिळणार नाही; आणि तिच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. या अटी आज वाचतानाही मन विषण्ण होते. तिसऱ्या अटीत तर दुसऱ्याच्या चित्ताच्या चंचलतेची जबाबदारीसुद्धा तिच्यावरच टाकलेली होती. कमलेला हा अपमान समजत नव्हता असे नाही. तिने तो आयुष्यभर विसरलाही नाही आणि वृद्धापकाळी जाहीरपणे बोलूनही दाखवला. परंतु त्या क्षणी प्रयोगशाळेत जागा मिळवणे हे तिला मानापमानापेक्षा महत्त्वाचे वाटले.

श्रीनिवासय्या या शिस्तप्रिय गुरूंच्या मार्गदर्शनाखाली तिने दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम सुरू केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले. तिला जीवरसायनशास्त्रात नियमित संशोधनाची अनुमती मिळाली आणि १९३६ मध्ये ती विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यानंतर संस्थेचे दार अन्य मुलींनाही उघडले. एका मुलीने एक वर्ष जी परीक्षा दिली, ती तिच्या मागून येणाऱ्या सर्वांची परीक्षा होती. ती अनुत्तीर्ण झाली असती, तर तो दोष एकट्या कमला भागवतचा न मानता समस्त स्त्रीजातीचा मानला गेला असता. पहिल्या येणाऱ्या व्यक्तीच्या खांद्यावर किती ओझे असते, याची कल्पना यावरून यावी.

केंब्रिज ते मुंबई

पुढील शिक्षणासाठी ती इंग्लंडला गेली ती मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांच्या आधारे. त्यांपैकी एक शिष्यवृत्ती सर मंगळदास नथुभाई यांच्या नावाची होती. मुंबईच्या या दानशूर व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकात विद्यापीठाला दिलेल्या धनातून, त्यांच्या पश्चात अनेक वर्षांनी, एक मराठी मुलगी केंब्रिजला पोहोचली. दात्याने ती मुलगी कधी पाहिली नव्हती. विद्यादानाचे फळ असे काळाच्या ओघात, अनपेक्षित ठिकाणी प्रकट होते.

केंब्रिजमध्ये नोबेल पारितोषिक विजेते सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत काम करताना कमलाबाईंनी वनस्पतींच्या ऊतींमध्ये 'सायटोक्रोम सी' या प्रथिनाचे अस्तित्व दाखवून दिले. सजीवांच्या पेशी अन्नातून ऊर्जा मिळवतात त्या श्वसनक्रियेत या प्रथिनाचे कार्य मोलाचे असते. बटाट्यासारख्या साध्या भाजीवरील अभ्यासातून हे संशोधन आकाराला आले. अवघ्या चौदा महिन्यांत, सुमारे चाळीस पानांच्या प्रबंधावर, १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. येथे हेही नमूद करणे आवश्यक आहे की, स्त्रियांना दुय्यम लेखण्यात केवळ आपलाच देश आघाडीवर होता असे नाही; केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीचे पूर्ण पदवीधर मानले ते १९४८ मध्ये.

१९३९ मध्येच त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केल्यानंतर १९४७ मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या अध्यापनात व संशोधनात रमल्या. त्यांचे पुढील संशोधन आपल्या स्वयंपाकघराशी निगडित आहे. शाकाहारी कुटुंबाला प्रथिने मिळतात ती मुख्यतः डाळी व कडधान्यांतून. परंतु कच्च्या कडधान्यांत असे काही घटक असतात की जे ट्रिप्सिन या पाचक विकराला अडथळा करतात आणि प्रथिनांचे पचन मंदावते. योग्य उष्णता दिल्यावर त्यांचा प्रभाव बराच कमी होतो. हे अवरोधक घटक भारतीय खाद्यपदार्थांत कोठे व किती आहेत, याचा पद्धतशीर शोध कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी यांनी १९५० च्या दशकात घेतला. कडधान्य भिजवून चांगले शिजवावे, हा जो पाठ पिढ्यान्‌पिढ्या आजी नातीला देत आली, त्यामागील कारण प्रयोगशाळेत उलगडून दाखवणाऱ्यांमध्ये एक मराठी स्त्री होती.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास हाती घेतला. पहाटे काढलेल्या, न आंबलेल्या ताडरसात जीवनसत्त्वे व लोह असून आदिवासी भागातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना त्याचा लाभ होतो, असे त्यांना आढळले. या कार्यासाठी राष्ट्रपती पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. आरे दुग्ध प्रकल्पालाही दुधाच्या गुणवत्तेसंबंधी त्यांनी मार्गदर्शन केले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या संस्थापकांमध्ये त्या होत्या. अन्नातील भेसळ गृहिणींना घरच्या घरी कशी ओळखता येईल, हे त्या तळमळीने समजावून सांगत.

इतके असूनही संस्थेचे संचालकपद त्यांना सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले. त्यामागे त्यांचे स्त्री असणे होते, असे त्यांचे चरित्र लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. बंगळूरची एका वर्षाची परीक्षा संपली होती, परंतु परीक्षा घेण्याची वृत्ती संपली नव्हती. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. सन्मान आला, परंतु अगदी सायंकाळी.

अय्यलासोमयाजुला ललिता : विधवेच्या हाती अभियांत्रिकी

दुसरी कथा मद्रासची आहे. १९१९ साली जन्मलेल्या ललिताचा विवाह वयाच्या पंधराव्या वर्षी झाला. अठराव्या वर्षी पती निवर्तला, तेव्हा पदरात चार महिन्यांची कन्या होती. त्या काळात अशा मुलीच्या वाट्याला काय येत असे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्याही समाजातील वडीलधाऱ्यांनी ते पाहिलेले आहे.

परंतु तिचे वडील पप्पू सुब्बाराव हे गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. मुलीने शिकावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, या विचाराला त्यांनी पाठबळ दिले. ललिताने इंटरमीजिएट परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केली. डॉक्टरी पेशात रात्री-अपरात्री धावावे लागते आणि तान्ह्या मुलीपासून दूर राहावे लागते, म्हणून तिने ठरावीक वेळेचे काम देणारी अभियांत्रिकी निवडली. निवडीचे हे कारण किती व्यवहारी आणि किती मातृसुलभ आहे! प्राचार्य के. सी. चाको यांनी अनुकूलता दाखवली, शिक्षण खात्याची मंजुरी मिळाली आणि १९४० मध्ये ललिता त्या महाविद्यालयाची पहिली विद्यार्थिनी झाली. शेकडो मुलांत ती एकटी पडू नये म्हणून अन्य मुलींनाही आवाहन करण्यात आले आणि लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया या दोघी स्थापत्य शाखेत दाखल झाल्या.

या तिघी पदवीधर झाल्या तेव्हा एक मौजेची अडचण उद्भवली. पदवीपत्राच्या छापील इंग्रजी मजकुरात केवळ पुल्लिंगी सर्वनाम होते, कारण स्त्री अभियंत्याची कल्पनाच मुद्रकाला कोणी दिली नव्हती. ते सर्वनाम खोडून त्या जागी स्त्रीलिंगी सर्वनाम लिहावे लागले. ललिताबाईंनी पुढे कलकत्त्याच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत सुमारे तीन दशके पारेषण वाहिन्या व उपकेंद्रांच्या आराखड्यांचे काम केले. भाक्रा-नांगल धरणाच्या विद्युत कामातही त्यांचा वाटा होता. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या स्त्री अभियंते व वैज्ञानिकांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस त्या उपस्थित राहिल्या. थ्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. आणि ललिताबाईंची ती तान्ही कन्या श्यामला? तीही शिकून विज्ञान व गणिताच्या क्षेत्रात गेली.

अ‍ॅना मणी : कर्णफुलांऐवजी ज्ञानकोश

त्रावणकोरमधील पीरमेड येथे १९१८ साली जन्मलेल्या अ‍ॅना मणी यांच्या घरात संपन्नता होती. मुलांनी उच्च व्यवसाय करावेत आणि मुलींनी विवाह करावा, अशी घराची रीत होती. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याची कर्णफुले देण्याची प्रथा होती. अ‍ॅनाने ती नाकारली आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले.

योगायोग असा की, १९४० मध्ये बंगळूरच्या त्याच संस्थेत, त्याच रामन यांच्या हाताखाली, त्या हिरे आणि माणिक यांच्या वर्णपटांचा अभ्यास करू लागल्या. कमला भागवत यांनी उघडलेल्या दारातून आत आलेल्यांपैकी त्या एक होत. तासन्‌तास चालणारे प्रयोग करून त्यांनी पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि १९४५ मध्ये प्रबंध सादर केला. परंतु त्यांच्यापाशी एम.एस्सी. पदवी नाही, या कारणाने मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. प्रबंध ग्रंथालयात राहिला, पदवी मिळाली नाही.

अ‍ॅना मणी खचल्या नाहीत. सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन त्या हवामान-उपकरणांत प्रवीण झाल्या आणि १९४८ मध्ये पुण्यास भारतीय हवामान खात्यात रुजू झाल्या. पुणेकर ज्याला 'शिमला ऑफिस' म्हणतात, त्या वास्तूशी त्यांच्या कार्याचे नाते आहे. पर्जन्यमापक, वायुभारमापक यांसारखी साधी उपकरणेसुद्धा तेव्हा परदेशातून येत. सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून देशातच त्यांचे उत्पादन व्हावे यासाठी त्यांनी अविश्रांत परिश्रम केले. वातावरणातील ओझोन मोजण्याचे उपकरण, देशभर सौर किरणोत्सर्गाच्या नोंदी, १९६३ च्या सुमारास थुंबा येथील वेधशाळा अशी त्यांच्या कार्याची व्याप्ती होती. १९७६ मध्ये उपमहासंचालक पदावरून त्या निवृत्त झाल्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. सौरऊर्जेच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना त्यांनी संकलित केलेली माहिती दीर्घकाळ आधारभूत ठरली.

या इतिहासाचा बोध

तिघींची चरित्रे एकत्र ठेवून पाहिली असता दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. पहिली अशी की, बुद्धीची उणीव कोठेच नव्हती. उणीव होती ती अनुमतीची. घरातून वडील, काका किंवा अन्य कोणी वडीलधारी व्यक्ती मागे उभी राहिली, किंवा निदान मुलीच्या हट्टापुढे नमली, तेथे वाट निघाली. ज्या घरांतून असा आधार मिळाला नाही, त्या घरांतील तितक्याच बुद्धिमान मुलींची नावे आपल्याला ठाऊक नाहीत आणि कधी होणारही नाहीत. इतिहासाला त्यांची नोंद करता येत नाही, हेच त्या हानीचे स्वरूप आहे.

दुसरी गोष्ट अशी की, प्रवेश मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. कमलाबाईंना पद उशिरा मिळाले, अ‍ॅना मणींना पदवी मिळालीच नाही. उंबरठा ओलांडल्यानंतरही आत अनेक उंबरठे होते.

आजचे चित्र पुष्कळ आशादायक आहे. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार विज्ञान शाखेतील सुमारे ५७.२ लाख विद्यार्थ्यांमध्ये २९.५ लाख मुली होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. मात्र अभियांत्रिकी व तंत्रज्ञानात त्यांचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी होते. विधवांच्या आश्रमापासून आरंभ झालेल्या महर्षी कर्वे यांच्या संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले, ही वाटचाल फार बोलकी आहे. २०१८ पासून आयआयटींमध्ये मुलींसाठी अधिक जागा निर्माण करण्यात आल्या. विवाह वा अपत्यसंगोपनामुळे संशोधन सोडावे लागलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने या शतकाच्या आरंभी विशेष योजना सुरू केली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. शुल्काची अडचण अशा रीतीने कमी होत आहे. उरलेली अडचण घरात आहे.

ती दहावी-बारावीच्या निकालानंतर प्रकट होते. मुलाला गुण कमी असले तरी त्याच्यासाठी दूरच्या शहरातील महाविद्यालयाची चौकशी होते. मुलीला गुण अधिक असले तरी 'जवळपास जे असेल ते' पाहिले जाते. वसतिगृहाची चिंता, येण्याजाण्याची चिंता, पुढे स्थळ मिळण्याची चिंता अशी अनेक कारणे असतात, आणि ती सर्वस्वी निराधार असतात असेही नाही. परंतु चिंतेचे उत्तर सोयीने द्यावे, नकाराने नव्हे. चांगले कन्या वसतिगृह, शिष्यवृत्ती, पुस्तकपेढी, विज्ञान शिकणाऱ्या मुलींची त्या क्षेत्रात काम करणाऱ्या भगिनींशी भेट, विवाहानंतर शिक्षण पुढे चालू ठेवणाऱ्या सुनांसाठी साहाय्य, ही सारी कामे कोणत्याही धर्मादाय संस्थेच्या आवाक्यातील आहेत. सर मंगळदासांच्या देणगीने काय घडवले हे आपण वर पाहिलेच. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने पुढील पन्नास वर्षांसाठी असे एखादे बीज पेरावे, ते उचितच ठरेल.

सुज्ञ वाचकांना शेवटी एकच विनंती. आपल्या घरातील एखादी कन्या, पुतणी, नात किंवा सून उद्या म्हणाली की मला रसायनशास्त्रात संशोधन करायचे आहे, संगणक अभियंता व्हायचे आहे, आकाशातील ताऱ्यांचा अभ्यास करायचा आहे, तर तिला एका वर्षाच्या अटीवर ठेवू नये. ती परीक्षा कमला भागवत यांनी १९३३ मध्ये सर्वांच्या वतीने दिलेली आहे, आणि तिचा निकालही लागलेला आहे. हा लेख वाचून एखाद्या घरात जरी तसा होकार मिळाला, तरी लेखनाचा हेतू सफल झाला असे समजेन.